बालीचा ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ : विमानतळावर अडवतात ते नेमकं कुठे, कशामुळे, आणि त्यावर काय करायचं

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. यावरून बरेच जण समजतात, की इथून निघताना कागद लागतच नाहीत. मग मुंबईच्या चेक-इन काउंटरवर वाद सुरू होतो : ‘व्हिसा तिकडे मिळणार आहे ना, मग तुम्ही कशाला विचारताय?’

विचारण्याचं कारण साधं आहे. तिकडच्या इमिग्रेशनने प्रवाशाला परत पाठवलं, तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते आणि अनेक देशांत वर दंडही बसतो. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी टायमॅटिक नावाच्या प्रणालीत तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आणि तुम्ही कुठे निघालात हे टाकतो, आणि समोर येईल ती यादी तपासतो. ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ अशी ओळ असली तरी तिच्याखाली अटी असतात. त्यातली एक जरी पुरी झाली नाही तरी बोर्डिंग पास छापला जात नाही. म्हणून फाइल बालीच्या अधिकाऱ्यासाठी नव्हे, मुंबईच्या काउंटरसाठी लावायची. इथे जी फाइल चालते, ती तिकडे सहसा अडत नाही.

खालचं सगळं इंडोनेशियाबद्दल आहे. थायलंड, मालदीव, कंबोडिया यांचे नियम वेगळे आहेत. यातलं जसंच्या तसं तिकडे लावू नका.

आधी मुळातले आकडे

व्हिसाचं शुल्क माणशी ५,००,००० रुपिया, आपल्या पैशांत साधारण अडीच ते तीन हजार. मुक्काम ३० दिवस, एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. उतरण्याच्या तारखेपासून पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. दोन असली की प्रश्न येत नाही. इंडोनेशियातून बाहेर पडण्याचं पक्कं तिकीट हवं. याशिवाय ‘ऑल इंडोनेशिया’ हा ऑनलाइन आगमन फॉर्म भरायचा आणि बालीचा १,५०,००० रुपियांचा पर्यटक कर वेगळा. कर आणि फॉर्म म्हणजे व्हिसा नव्हे. तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, तीन वेगळ्या साइटवर होतात, आणि एकाची पावती दुसऱ्याच्या जागी चालत नाही. निम्मा गोंधळ इथेच होतो.

‘पासपोर्टची मुदत कमी आहे’

सहा महिने परतीच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, तिकडे उतरण्याच्या तारखेपासून मोजायचे. १० डिसेंबरला बालीत उतरणार असाल तर पासपोर्ट पुढच्या १० जूनपर्यंत तरी चालला पाहिजे. अगदी काठावरची तारीख असेल तर ती ओढूनताणून बसवू नका. विमान उशिरा सुटून मध्यरात्र ओलांडली तर एका दिवसाने हिशोब चुकतो.

मोठ्यांच्या बाबतीत हे सहसा लक्षात असतं, फसतात ते मुलांच्या पासपोर्टमध्ये. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच वर्षांचा. आईबाबांनी स्वतःच्या तारखा बघितलेल्या असतात, तिकिटं काढलेली असतात, आणि धाकटीच्या पासपोर्टला चार महिनेच उरलेत हे काउंटरवर कळतं. तिकीट काढण्याच्या आधी घरातले सगळे पासपोर्ट एका टेबलावर उघडून ठेवा आणि प्रत्येकाची मुदत कागदावर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

मुदत संपायला वर्षभर असतानाच नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, पानं संपली असतील तरीही. वेळ कमी असेल तर तत्काळ घ्या. ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे १,५०० रुपये आणि तत्काळचे वर २,००० असा हिशोब असतो. मात्र ऑनलाइन व्हिसा आधीच काढून ठेवला असेल तर तो जुन्या पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. नवा पासपोर्ट आला की तो व्हिसा वाया जातो आणि पैसे परत मिळत नाहीत. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, हा क्रम उलटा करू नका.

‘हा पासपोर्ट खराब आहे’

इंडोनेशियाच्या बाबतीत यावर विशेष भर द्यायला हवा. खराब पासपोर्टबद्दल तिथलं इमिग्रेशन कडक आहे आणि विमान कंपन्यांना ते पक्कं ठाऊक आहे. दुसरीकडे चालून गेलेला पासपोर्ट बालीला चालेलच असं नाही.

खराब म्हणजे काय? फोटोच्या पानाचं लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटलेलं. पावसात भिजून पानं लाटांसारखी झालेली किंवा शिक्क्याची शाई पसरलेली. शिवण सैल होऊन एखादं पान हलणारं. पान फाटलेलं, मग ते सेंटीमीटरभरच का असेना. स्टेपलची भोकं, चिकटपट्टी, मुलाने मारलेली पेनची रेघ. हौसेने मारलेले पर्यटनस्थळांचे शिक्केही यातच येतात. सरकारी नसलेला कुठलाही शिक्का पासपोर्टवर नको.

घरी तपासायची पद्धत अशी : पासपोर्ट उजेडात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटा, मग दोन्ही पुठ्ठ्यांना धरून पाठीची शिवण हलकेच ताणून बघा. फोटोच्या पानावर तिरका उजेड पाडला की सुटलेलं लॅमिनेशन लगेच दिसतं. काही सापडलं तर ते चिकटवायच्या भानगडीत पडू नका. गोंद लावलेलं लॅमिनेशन म्हणजे छेडछाडीचा संशय, आणि तो फाटलेल्या पानापेक्षा वाईट. खराब झालेला पासपोर्ट बदलून घेण्याचा अर्ज वेगळ्या प्रकारात मोडतो आणि त्याचं शुल्कही नेहमीपेक्षा जास्त, ३६ पानांसाठी ३,००० रुपये. वेळही जास्त लागू शकतो. म्हणून ही तपासणी तिकिटाच्या आधीची.

नाव जुळत नाही

आपल्याकडच्या नावांची घडणच अशी आहे, की हा घोळ होतोच. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि ‘गिव्हन नेम’ दुसऱ्या ओळीत असतं, आणि त्या दुसऱ्या ओळीत बहुतेकांच्या पहिल्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. तिकीट काढताना मधलं नाव गाळलं जातं, किंवा आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव जातं. नियम एकच : पासपोर्टवर आडनावाच्या ओळीत जे आहे ते आडनाव, उरलेलं सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगमध्ये. आधारवर काय आहे, शाळेच्या दाखल्यावर काय आहे, याचा इथे काही संबंध नाही.

मधलं नाव तिकिटावर राहिलं असेल तर बऱ्याच कंपन्या ते चालवून घेतात, पण हे काउंटरवर जाऊन आजमावू नका. आठवडाभर आधी कंपनीला फोन करून दुरुस्ती करून घ्या. एखाददुसऱ्या अक्षराची चूक किंवा नाव-आडनावाची अदलाबदल सहसा दुरुस्त होते. मात्र लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट आणि सासरच्या आडनावाचं तिकीट ही दुरुस्ती नसून नाव बदलणं ठरतं, आणि ते बहुतेक कंपन्या करत नाहीत. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांच्या हनिमूनच्या तिकिटांत हे हमखास होतं, कारण तिकीट नवऱ्याकडच्या कोणीतरी काढलेलं असतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं माहेरच्याच नावाने. मॅरेज सर्टिफिकेटची प्रत बरोबर ठेवायला हरकत नाही, पण ती दाखवून चुकीचं तिकीट बरोबर होत नाही.

ऑनलाइन व्हिसा काढताना फॉर्म अडकतो

व्हिसा दोन प्रकारे मिळतो : देनपसारच्या, म्हणजे बालीच्या, विमानतळावर काउंटरला पैसे भरून, किंवा आधीच ऑनलाइन, ज्याला ई-व्हीओए म्हणतात. शुल्क तेच. ऑनलाइनच काढा असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण मुंबईच्या काउंटरवर हातात छापील व्हिसा असला की अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत. शिवाय तिकडे पैसे भरायची रांग वाचते आणि ऑटोगेट, म्हणजे पासपोर्ट मशीनवर ठेवून आपोआप उघडणारं इमिग्रेशनचं फाटक, वापरता येतं. मिळाल्यापासून ९० दिवसांत प्रवेश करायचा असतो, त्यामुळे चार महिने आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवडे आधी काढलेला उत्तम.

साइट सरकारीच आहे ना, ते आधी बघा. इंडोनेशियाच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट आयडी’ असतं. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून येणाऱ्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. काही खरंच व्हिसा काढून देतात, काही नुसता कागद पाठवतात. फुकट असलेल्या आगमन फॉर्मसाठीही पैसे मागणाऱ्या साइट आहेत.

फॉर्ममध्ये चुका होतात त्या पासपोर्ट क्रमांकात आणि तारखांत. पासपोर्टचा फोटो अपलोड केला की साइट त्यावरून माहिती स्वतः भरते; फोटोवर चमक आली असेल तर चुकीची भरते, आणि आपण ‘पुढे’ दाबून मोकळे होतो. तपासायला पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळी वापरा. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात. दुसरी ओळ पासपोर्ट क्रमांकापासून सुरू होते : एक अक्षर आणि सात अंक. म्हणजे भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात पहिल्या जागेनंतर इंग्रजी ‘ओ’ येऊच शकत नाही, तिथे शून्यच आहे. ‘आय’ दिसत असेल तर तो एक आहे. क्रमांकानंतर कोनासारखी एक खूण येते, मग एक अंक. हा पडताळणीचा अंक आहे, पासपोर्ट क्रमांकाचा भाग नाही. तो क्रमांकाला जोडून लिहू नका. पुढे देशाची तीन अक्षरं, मग जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशा उलट्या क्रमाने सहा अंकांत, पुन्हा पडताळणीचा एक अंक, मग लिंगाचं अक्षर, आणि मग त्याच उलट्या क्रमाने पासपोर्टची शेवटची तारीख. फॉर्मवर आलेली माहिती या ओळीशी बोट ठेवून ताडून बघा. वरच्या ओळीत आडनाव, मग दोन कोनांच्या खुणा, मग बाकीची नावं असतात. तिकिटावरच्या नावाची विभागणीही इथूनच पडताळता येते. काउंटरवरचं मशीनही हीच ओळ वाचतं.

फोटो न चढण्याचं कारण बहुतेक वेळा फाइलचा आकार असतं. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा निघतो आणि साइट तो घेत नाही, कधी कधी काही न सांगताच. आकार कमी करून जेपीजी करा. पासपोर्टचं पान सपाट टेबलावर ठेवून, फ्लॅश बंद करून, दिवसाच्या उजेडात काढा. चारही कोपरे आणि तळाच्या दोन्ही ओळी फोटोत पूर्ण आल्या पाहिजेत. प्लॅस्टिकच्या कव्हरमधून काढलेला फोटो घेतला जात नाही. चेहऱ्याचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, अलीकडचा.

पैसे जात नाहीत

कार्ड चालू आहे, खात्यात पैसे आहेत, तरी पेमेंट फेल. नव्वद टक्के वेळा कारण आपल्याच बँकेच्या ॲपमध्ये असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांपासून नवं कार्ड देशाबाहेरच्या व्यवहारांसाठी बंदच येतं. ते आपण चालू करायचं असतं. आणि बटण एक नसतं. आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार वेगळं, दुकानातल्या मशीनवर कार्ड टेकवणं किंवा घालणं वेगळं, एटीएम वेगळं. ऑनलाइन व्हिसासाठी पहिलं हवं. देनपसारच्या काउंटरवर कार्ड वापरायचं असेल तर दुसरं. बहुतेक जण एकच चालू करतात आणि तिकडे जाऊन अडकतात. दोन्ही चालू करा, मर्यादाही बघा. काही बँका आंतरराष्ट्रीय मर्यादा शून्यावर ठेवतात.

व्हिसाच्या साइटवर रुपे कार्ड चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांचं क्रेडिट कार्ड सगळ्यात कमी त्रास देतं. पेमेंट एकदा फेल झालं तर लगेच पाच वेळा दाबत बसू नका. आधी बँकेचा मेसेज आणि साइटवरची स्थिती बघा, नाहीतर दोनदा पैसे कापले जातात.

काउंटरवरच व्हिसा घ्यायचा ठरलं असेल तर कार्डाबरोबर रोख हवीच. मुंबईत रुपिया घेणं बहुधा महाग पडतं. माणशी ४० डॉलर सुट्या, नव्या नोटांत वेगळ्या पाकिटात ठेवा. इंडोनेशियात डॉलरच्या नोटांची पारख कडक असते : घडी पडलेली, शाईचा ठिपका असलेली, जुन्या मालिकेची नोट परत करतात. नोटा घेतानाच मनी चेंजरकडून बदलून घ्या, त्याची पावती जपा.

‘रिटर्न तिकीट दाखवा’

तिकीट परत मुंबईचंच असायला हवं असं नाही. इंडोनेशियातून ३० दिवसांच्या आत बाहेर पडणारं, कुठल्याही देशाचं, पक्कं तिकीट चालतं. पण त्या दुसऱ्या देशात तुम्हाला प्रवेश मिळतो का, हेही विचारलं जाऊ शकतं. सिंगापूरचं तिकीट दाखवलंत तर सिंगापूरचा व्हिसा कुठे, हा पुढचा प्रश्न आहे.

पाचशे-सातशे रुपयांत ‘डमी तिकीट’ देणारे एजंट बरेच आहेत. ते बहुतेकदा पैसे न भरता धरलेलं बुकिंग असतं आणि एक-दोन दिवसांत आपोआप रद्द होतं. काउंटरवरचा माणूस पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, टाकून बघतो, आणि त्यात तिकीट क्रमांक नसेल तर ते तिकीट नव्हे. तारीख खरंच नक्की नसेल तर रद्द करता येणारं खरं तिकीट घ्या. चार पैसे जास्त जातात, पण ते सिस्टिममध्ये दिसतं.

इथेच आणखी एक गोष्ट. मुंबई ते सिंगापूर एका बुकिंगवर आणि सिंगापूर ते बाली स्वस्तातल्या दुसऱ्या बुकिंगवर, असं केलं असेल तर बॅगा थेट बालीपर्यंत जात नाहीत. त्या सिंगापूरला उतरवून घ्यायच्या म्हणजे तिथलं इमिग्रेशन पार करायचं, म्हणजे भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागणार. बालीचे सगळे कागद चोख असूनही मुंबईत अडवतात ते यामुळे. सगळा प्रवास एका पीएनआरवर असावा, किंवा थेट विमान घ्यावं.

आगमन फॉर्म आणि बालीचा कर

‘ऑल इंडोनेशिया’ हा फॉर्म सप्टेंबर २०२५ पासून जकार्ता, सुराबाया आणि बालीच्या विमानतळांवर सुरू झाला. आधीचे कस्टम्सचे आणि आरोग्याचे वेगवेगळे फॉर्म यात एकत्र आले. जुन्या व्हिडिओंत दाखवलेला वेगळा कस्टम्स फॉर्म शोधत बसू नका. हा फॉर्म उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. त्याआधी भरायला गेलात तर तारीखच घेत नाही, आणि लोकांना वाटतं साइट बिघडली. फॉर्म फुकट आहे. विमान क्रमांक, हॉटेलचा पत्ता, पासपोर्टची माहिती लागते. शेवटी क्यूआर कोड येतो; त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आणि एक छापील प्रत पाकिटात.

बालीचा १,५०,००० रुपियांचा कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून आहे, ‘लव्ह बाली’च्या साइटवर किंवा ॲपवर भरायचा. मुंबईच्या काउंटरवर तो सहसा विचारत नाहीत.

ईसीआर पासपोर्ट

घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना हे तपासा. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ईसीआर (‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे परदेशी नोकरीसाठी जाताना तपासणी आवश्यक) असं छापलेलं असेल, तर इंडोनेशिया, थायलंड, मलेशिया यांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. पण अशा पासपोर्टवर माणूस व्हिसा न घेता निघालाय म्हटल्यावर भारतीय इमिग्रेशनचा अधिकारी खोदून विचारतो : परत कधी येणार, कुठे राहणार, खर्च कोण करतंय. अशा प्रवाशासाठी ऑनलाइन व्हिसा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग यांच्या छापील प्रती हव्यातच, आणि शक्यतो त्याला कुटुंबाबरोबर एकाच काउंटरवर उभं करा.

कायमचा उपाय म्हणजे पुढच्या वेळी पासपोर्ट नवा करताना ईसीआर काढून घेणं. दहावीचं प्रमाणपत्र असलं की पुरतं. ते नसलं तरी वय पन्नाशीपुढे गेलेल्यांना ही सूट मिळते. आजी-आजोबांच्या पासपोर्टवर ईसीआर तसंच राहून जातं ते कोणी मागणी केली नाही म्हणून.

दिवस मोजण्यातली चूक

३० दिवसांत उतरण्याचा दिवस पहिला धरतात. १ तारखेला रात्री पावणेबाराला शिक्का बसला तरी तो पहिला दिवस संपला. ३० तारखेपर्यंत बाहेर पडायचं. जास्त राहिलात तर दिवसाला १०,००,००० रुपिया दंड, माणशी. चौघांचं कुटुंब एक दिवस चुकलं तर व्हिसाच्या खर्चाच्या दुप्पट पैसे दंडात जातात. साठ दिवसांपेक्षा जास्त झालं तर दंड भरून सुटका नाही, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी होते. ऑटोगेटमधून गेलात तर पासपोर्टवर शिक्का बसत नाही, तेव्हा तारीख स्वतः लिहून ठेवा आणि बोर्डिंग पास टाकू नका.

मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपायच्या दोन आठवडे आधी कामाला लागा. २०२५च्या मे अखेरीपासून त्यासाठी तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन फोटो द्यावा लागतो. सगळं फोनवरून होतं हे आता खरं नाही. पुन्हा ५,००,००० रुपिया लागतात.

लग्नाच्या कामासाठी जाणारे

बालीत होणाऱ्या लग्नांसाठी मुंबई-पुण्याहून फोटोग्राफर, मेंदीवाल्या, मेकअप आर्टिस्ट, डीजे, आचारी असा ताफाच जातो, आणि बहुतेक जण याच व्हिसावर निघतात. हा व्हिसा फिरण्यासाठी, नातेवाइकांना भेटण्यासाठी, बैठकांसाठी आहे. तिथे काम करण्यासाठी नाही, पैसे भारतात मिळत असले तरी. कॅमेऱ्यांच्या तीन पेट्या आणि ‘फिरायला चाललोय’ हे उत्तर एकत्र बसत नाही. तिथला वेडिंग प्लॅनर स्थानिक प्रायोजक म्हणून योग्य व्हिसा काढून देऊ शकतो का, हे करार करतानाच विचारा.

घरात दोन प्रकारचे पासपोर्ट

गोव्यातल्या काही घरांत एकाचा पासपोर्ट भारतीय आणि दुसऱ्याचा पोर्तुगीज असतो. अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांचंही तसंच. व्हिसाचा नियम पासपोर्टच्या देशावर ठरतो, म्हणून प्रत्येकाचा वेगळा तपासा. इथे अडतं ते परत येताना. परदेशी पासपोर्टवाल्याने ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) गोव्यातच कपाटात ठेवलं असेल, तर बालीचा काउंटर त्याला भारताच्या विमानात बसू देणार नाही. कार्डाचा फोनमधला फोटो त्या कार्डाची जागा घेत नाही.

अडवलंच तर

आवाज चढवून काही होत नाही, वेळ मात्र जातो. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होतं. नेमकी कुठली अट पुरी होत नाही, ते विचारा. ‘व्हिसा नाही’ असं मोघम उत्तर आलं तर सुपरवायझरला बोलावून टायमॅटिकमधली ओळ दाखवायला सांगा. नव्या कर्मचाऱ्याला ऑन अरायव्हलची नोंद खाली सरकवून वाचायची राहून गेलेली असू शकते.

कमतरता ऑनलाइन व्हिसाची किंवा परतीच्या तिकिटाची असेल तर ती तिथेच उभ्या उभ्या भागवता येते. व्हिसा कित्येकदा काही मिनिटांत येतो, पण त्याची हमी नाही. त्यासाठी पासपोर्टच्या पानाचा आणि चेहऱ्याचा लहान आकाराचा फोटो फोनमध्ये आधीपासून असायला हवा, आणि ओटीपी येणारं सिम चालू. पासपोर्टची मुदत किंवा अवस्था हे कारण असेल तर त्यावर काउंटरवर इलाज नाही.

विमान चुकणारच असं दिसलं, तर ते निघण्याआधी तिकीट रद्द करा किंवा तारीख बदलून घ्या. नुसते निघून गेलात तर ‘नो-शो’ नोंद होते आणि परतीचा टप्पाही रद्द होऊ शकतो. कागद अपुरे म्हणून नाकारलं तर जास्त तिकिटं विकल्यामुळे मिळणारी भरपाई लागू होत नाही. तरी डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियंत्रकाच्या, नियमानुसार न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरीही. ते आपणहून खात्यात येईलच असं नाही. तिकीट क्रमांक देऊन कंपनीकडे, आणि एजंटमार्फत काढलं असेल तर एजंटकडे, लेखी मागा.